पंधरा वाव रेशीम

कार्तिक लागला की अमरावतीत श्वास घ्यायचा म्हणजे थोडा कापूस गिळायचाच. गाड्या येतात, गाड्या जातात, आणि त्यांच्या मागे पांढरी लव उडत राहते. ती ताकात पडते, दिव्याच्या तेलात पडते, मिशीत अडकते. मी ओवायला घेतलेल्या मण्याच्या बारीक भोकात तर ती नेमकी जाऊन बसते. लोक म्हणतात, पीक चांगलं आलं, लक्ष्मी उडते आहे. उडू द्या. मला ती लव दिसली की कपाळाला आठी पडते, आणि घरात थेंबभर जवस नसलं तरी नाकात जवसाच्या तेलाचा वास येतो. त्या वासामागून येतात मासे. मी जन्मात मासा खाल्लेला नाही, धरलेला नाही. तरी कापसाने मला मासे आठवतात, आणि याला सर्वस्वी माझा बाप जबाबदार आहे.

ही गोष्ट घडली ते साल कापसाने वेडं केलेलं होतं. अमेरिकेत कुठे तरी लढाई जुंपली, विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि इकडे वऱ्हाडात लोकांनी उशा उसवल्या. हे मी वाढवून सांगत नाही. आमच्या शेजारच्यांनी गादीतला जुना कापूस काढून विकला आणि घरदार घोंगडीवर झोपलं. गाडी म्हणजे कापसाची गाडी. मिठाला गाडी नाही, गुळाला नाही, आणि बऱ्हाणपूरहून यायच्या रेशमाला तर नाहीच. बैलवाल्याला विचारलं तर तो आमच्याकडे बघायचासुद्धा नाही.

आम्ही पटवेकरी. सोनार दागिना घडवतो, पण तो अंगावर राहतो तो आमच्या रेशमामुळे. मणी ओवणं, पोत गाठणं, गळ्यामागचा गोफ विणणं, हे आमचं पिढ्यांचं काम. त्या हंगामात काळ्या मातीतल्या बायाबापड्या नवं सोनं पदरात बांधून आमच्या ओट्यावर रांग लावून बसायच्या. इतकं काम घरात कधी आलं नव्हतं आणि इतकं कमी रेशीमही कधी नव्हतं.

त्यातच माझं लग्न ठरलेलं होतं. अकोल्याच्या पटवेकऱ्याची मुलगी, काशी. आमच्या घराण्यात रीत अशी की नवरीची पोत, म्हणजे तिचं मंगळसूत्र, नवऱ्याच्या बापाने स्वतःच्या हाताने गाठायची, आणि अंतरपाट सरण्याआधी नवरीच्या बापाने ती नखाने खरवडून, ओढून, उजेडात धरून पाहायची. दुसऱ्या जातीत व्याही जेवणावरून रुसतात, आमच्यात गाठीवरून. गाठ मनाला आली नाही तर लग्न पुढे ढकललेली माणसं मला ठाऊक होती. म्हणून बाबांनी दोन वर्षांपूर्वीच एक उत्तम लड, काळं आणि तांबडं रेशीम, पेटीत तळाशी कडुनिंबाच्या पाल्यात ठेवली होती. मी दिवसातून एकदा ती पेटी उघडून पाहायचो. हसा. एकोणीस वर्षांच्या मुलाने दुसरं काय पाहायचं असतं?

असल्या दिवसांत चांदमिया आले. बाळापूरचे शेख चांद, रेल्वेसाठी जमीन मोजत फिरणाऱ्या एका साहेबाचे खानसामे. गावाबाहेरच्या आमराईत साहेबाचा तंबू होता. चांदमियांच्या खांद्यावर तीन तुकड्यांची, पितळेच्या टोप्यांनी जोडायची एक लांब लवचीक काठी, हातात एक पितळी चाक, आणि फडक्यात कुजलेल्या दोऱ्याचा गुंता.

"पावसानं सडली, अन् राहिली ते उंदरानं खाल्ली," चांदमिया ओट्यावर टेकत म्हणाले. "साहेबाची जान आहे यात. मेळघाटात जाऊन मासे धराचे आहेत त्याले. विलायतेहून नवी याले सा महिने लागतात. मी म्हटलं, आमच्या अमरावतीत रेशमाचे उस्ताद आहेत."

उस्ताद म्हटल्यावर बाबा गेलेच.

मी बाबांकडे पाहिलं. बाबा महानुभाव पंथाचे. वर्षातून दोनदा रिद्धपूरला जाणारे, किडामुंगी पोटात जाऊ नये म्हणून पाणी दोनदा गाळून पिणारे. चालताना वाटेत मुंगळा दिसला तर थांबून त्याला जाऊ देणारे. हा माणूस मासे मारायची दोरी विणणार?

"बाबा, पाप नाही का हे?"

"मी दोरी करून राहिलो, गळ नाही," बाबा म्हणाले, आणि त्यांनी तो कुजका गुंता नाकाजवळ नेऊन वास घेतला.

पहिली दोरी त्यांनी आमच्या पद्धतीने केली. पटवेकऱ्याला रेशमाची एकच परीक्षा माहीत. टांगून पाहायचं. वजन झेललं तर चांगलं, तुटलं तर वाईट. बाबांनी दुकानातलं होतं नव्हतं ते रेशीम घेऊन करंगळीच्या निम्मी जाड अशी पंधरा वाव, म्हणजे दोन्ही हात पसरून पंधरा वेळा भरेल इतकी, लांब दोरी विणली आणि तिला मायचा वरवंटा टांगून दिवसभर अंगणात लोंबकळत ठेवला. वरवंटा पडला नाही. माय चटणीवाचून बसली. दारातल्या बाया विचारत होत्या, आमचं काम कधी, आणि बाबा त्यांना वरवंटा दाखवत होते.

दुसऱ्या दिवशी चांदमिया दोरी घेऊन परत. "साहेब म्हणते, मजबूत आहे. हत्ती बांधता येईन. पण चाकात अर्धीच मावली, अन् उरलेली काठीले लावली तर काठी पाण्यात मान टाकून बसते."

मी म्हटलं, झालं, सुटलो. पण बाबांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्याआधी एकदाच पाहिलं होतं, एका बाईने त्यांनी ओवलेली माळ तुटली म्हणून परत आणली तेव्हा. त्यांनी दोरी उसवली. बारीक विणली, अगदी दोऱ्यासारखी. ती चाकात सबंध मावली, वर आणखी जागा उरली. आणि चांदमिया पुन्हा दारात.

"हे तर उडतच नाही. साहेब फेकते, अन् पायापाशी येऊन पडते."

"मंग साहेबालेच म्हणा न, हातानं नेऊन टाक म्हणून!" मी ओरडलो. चांदमियांना माझा राग आला नाही. तो माणूस रागाच्या पलीकडे गेलेला होता. साहेबाच्या शिव्या आणि बाबांचे प्रश्न यांच्या मधोमध तो महिनाभर हेलपाटे घालत होता.

मग बाबा काठी घेऊन स्वतः निघाले. पेढी नदीच्या काठी नाही, पाण्यात फेकायचं पाप नको म्हणून खळ्यात. ज्या रस्त्याने कापसाच्या गाड्या एकामागोमाग जात होत्या, त्याच्या कडेला, डोक्याला पागोटं, कंबरेला धोतराचा काचा, आणि हातात साहेबाची काठी. दोरीच्या टोकाला साहेबाने पाठवलेली, मासा फसावा म्हणून केलेली कोंबड्याच्या पिसांची खोटी माशी, गळ काढून टाकलेली. बाबा हवेत दोरी मागे उडवत, पुढे उडवत. गाडीवाले थांबून पाहायचे. एकाने विचारलंच, "काहून बा, पाखरं धरून राहिले काय?" मी बाजूच्या बाभळीआड उभा. मला त्या दिवशी जमीन दुभंगून पोटात घेती तर फार बरं झालं असतं. ज्याचं लग्न महिन्यावर आलं आहे त्याच्या बापाने भर रस्त्यावर आकाशाला चाबूक मारावा?

दोन तासांनी त्यांनी मला हाक मारली. घामाने निथळत होते आणि डोळे लकाकत होते.

"नाऱ्या, ये इकडं. आपण येड्यासारखं करून राहिलो होतो. ही माशी पाहा, हिले वजनच नाही. काठी हिले फेकूच शकत नाही. काठी दोरीले फेकते, अन् दोरी माशीले नेते. दोरीचं वजन मागं गेलं की काठी वाकली पाहिजे, अन् सरळ होताहोता तिनं दोरीले पुढं धाडलं पाहिजे. हलकी दोरी असली तर काठीले पत्ताच लागत नाही. जड असली तर काठी मरते. प्रत्येक काठीची आपली दोरी असते, लेका. तुटते का नाही, हे मागून पाह्याचं!"

"अन् चाक?"

"चाकात काठोकाठ भरू नये. बोटभर जागा राह्यली पाहिजे, नाही तर घासते. अन् हे पाहा, चाक बसवलं की काठी मुठीपाशी तोलून राह्यली पाहिजे."

त्यांनी काठी माझ्या बोटावर आडवी ठेवली. ती खरोखर तोलून राहिली. मला तेव्हाही चीड आली होती, कारण मला ते कळलं होतं. न कळण्यात एक सोय असते, ती बाबांनी माझ्याकडून काढून घेतली. आणि आता कोणाला वाटत असेल की मी यातून संसाराचा धडा काढीन, काठी म्हणजे नवरा आणि दोरी म्हणजे बायको वगैरे, तर त्याने खुशाल काढावा. माझ्याच्याने ते होणार नाही.

तिसरी दोरी मात्र सुंदर झाली. बाबांनी ती आमच्या गोफासारखी विणली, टोकाला केसासारखी बारीक आणि मागे हळूहळू भरत जाणारी. कुठे एक पदर वाढवला ते नखाला कळत नव्हतं. काठीला लावली तर ती गुपचूप वाकली आणि दोरी अशी पुढे गेली की मीही 'वा' म्हणून गेलो. आता फक्त तेल. साहेबाचा निरोप होता, पाणी शिरू नये म्हणून जवसाचं तेल उकळून थर द्यायचे आणि प्रत्येक थर वाळवायचा. बाबांनी परसातल्या कडुनिंबापासून गोठ्याच्या खांबापर्यंत दोरी ताणली, पिसाने तेल लावलं, आणि आम्ही जेवायला बसलो.

जेवून आलो तर दोरी पांढरी झालेली. गावभरच्या गाड्यांची लव त्या ओल्या तेलावर येऊन चिकटली होती, पंधरा वाव, टोकापासून टोकापर्यंत. दोरी कसली, अंगणात एक लांब केसाळ सुरवंट लटकत होता. पुसायला गेलो तर लव आत दबली. उसवायला गेलो तर तेल आणि कापूस यांचा लगदा झालेला. सगळं रेशीम वाया. मी तिथे गोठ्याच्या खांबाला टेकून इतका हसलो की माय बाहेर आली, आणि माझं हसणं बघून रडायला लागली. तिला वाटलं मुलगा हातचा गेला.

मला वाटलं, आता तरी हे संपलं.

लग्नाच्या धावपळीत चार दिवस पेटी पाहायची राहून गेली. पाचव्या दिवशी उघडली. कडुनिंबाचा पाला होता. लड नव्हती.

बाबा माजघरात दारं लावून बसले होते, लव आत येऊ नये म्हणून. अंधारात जवसाचा उग्र वास कोंडला होता. भिंतीपासून भिंतीपर्यंत येरझाऱ्या घातलेली काळी-तांबडी दोरी, लग्नाच्या तांदळाच्या कणग्यांवरून, पापडांच्या चळतीवरून गेलेली.

"बाबा, हे काशीच्या पोतीचं रेशीम."

"बऱ्हाणपूरची गाडी येईन इतल्यात."

"कोणती गाडी? दोन महिन्यांत एक गाडी आली नाही! अन् आली नाही तर? तिचा बाप पटवेकरी आहे, बाबा. त्याच्यापुढं मी काय घेऊन उभा राहू? सुतळी?"

बाबांनी हातातलं पीस तेलात बुडवलं, निथळू दिलं, आणि पुढचा हात दोरीवरून नेला. तेव्हा मला त्यांना धक्का मारून पाडावंसं वाटलं. हे मी आज लिहितो आहे कारण ते खरं आहे. माझ्या लग्नापेक्षा त्यांना एका परक्या माणसाची काठी नीट वाकणं मोठं वाटलं, असं मी समजलो. साहेबाच्या भीतीने केलं असतं तर मी माफ केलं असतं. ते भ्यालेले नव्हते. ते सुखात होते.

गाडी आली नाही. दोरी वाळली, चांदमिया घेऊन गेले, आणि निरोप आला की साहेब खूश आहे, उद्या पहाटे तंबू हलणार, मेळघाटकडे. माझ्या लग्नाला आठ दिवस होते. बाबा ओट्यावर बसून दुकानातले रेशमाचे तुकडे जोडून पाहत होते. तुकड्यांच्या पोतीत प्रत्येक जोडाला गाठ येणार आणि व्याही ती मोजणार. बाबांनाही ते कळत होतं. त्यांचे हात मांडीवर नुसते पडले होते.

दुपारच्या उन्हात मी आमराईकडे चालत निघालो. रागाने चालताना डोकं कधी कधी बरं चालतं. माझ्या डोक्यात ते पितळी चाक फिरत होतं. पंधरा वाव दोरी. साहेब फेकणार ती फार तर पाच-सहा वाव. मोठा मासा पळाला तर आणखी थोडी. पण चाकाच्या पोटात, अगदी कण्याला गुंडाळलेली जी दोरी, ती काठीला वाकवत नाही, माशीला नेत नाही. ती नुसती बसून असते. बसून राहायला रेशीम कशाला लागतं?

जाताना मी घरची सुती दोरी घेतली होती, घट्ट वळलेली, सहा वाव.

चांदमियांनी माझं म्हणणं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "तुमी बापलेक मिळून मले नोकरीतून काढान!" पण आत गेले. साहेब बाहेर आला. लाल तोंडाचा, उंच, बाह्या सारलेल्या. चांदमिया त्याला बरंच काही सांगत होते, त्यात 'शादी' शब्द तीनदा आला. साहेबाने माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या सुती दोरीकडे पाहिलं, चाकाकडे पाहिलं. मग खुर्चीत बसून त्याने स्वतः चाक फिरवायला सुरुवात केली. सगळी दोरी गवतावर उलगडली. मागच्या सहा वावांवर त्याने बोट ठेवलं आणि मला चाकू दिला.

मी कापलं, सुती दोरी जोडली. जोड पटवेकऱ्याचा होता, बोटाला लागत नव्हता. साहेबाने तो दोनदा ओढून पाहिली आणि "ठीक" म्हणाला. तेवढा एकच शब्द आमच्यात झाला.

घरी येऊन मी ते सहा वाव बाबांच्या पुढ्यात टाकले. बाबांनी ओळखलं. कुठून कापलं हेही ओळखलं. मागच्या भागाला तेलाचा एकच थर होता, त्यामुळे ते उसवता आलं. पण वास गेला नाही. राखेने, रिठ्याने, दह्याने, कशानेही नाही. बाबांनी दोन दिवस बसून पोत गाठली. मी तिकडे पाहिलंही नाही, ते बोलले तर उत्तरही दिलं नाही.

वऱ्हाडाला गाडी मिळेना, म्हणून आम्ही अकोल्याला जाणाऱ्या कापसाच्या गाड्यांवर, गासड्यांच्या माथ्यावर बसून गेलो. मुंडावळ्यांत लव. भुवयांवर लव. मांडवात उतरलो तेव्हा काशीच्या मावशीला नवरा म्हातारा वाटला.

आणि मग ती वेळ आली. काशीच्या बापाने पोत हातात घेतली. नखाने खरवडली. ओढली. उजेडात धरली. मग नाकाशी नेली.

"हे जवसाचा वास काहून मारून राह्यलं?"

मी बाबांकडे पाहिलं. खोटं बोला, असं मी मनातल्या मनात किंचाळत होतो. देवापुढे जवसाचा दिवा लावला होता, तेल सांडलं, काहीही.

"मासे धराच्या दोरीचं रेशीम आहे ते," बाबा म्हणाले.

काशीचा बापही रिद्धपूरला जाणारा. त्याच्या हातातली पोत तशीच अधांतरी राहिली. बायकांत कुजबुज सुरू झाली. मला वाटलं, उठा आता, कापसाच्या गाड्या परत कधी निघतात ते विचारा.

"माशाले लागली?" व्याह्यांनी विचारलं.

"नाही. चाकाच्या पोटातली आहे. पाणीच पाह्यलं नाही तिनं. अन् माह्या लेकानं सोडवून आणली. मले नसतं सुचलं."

बाबांनी हे माझ्याकडे न पाहता सांगितलं. व्याह्यांनी पोत पुन्हा उजेडात धरली. "पण गोफ तर एका अंगानं बारीक होत गेला आहे. एकही जोड नाही. हे कसं केलं?"

आणि बाबा सांगायला लागले! काठी, चाक, माशी, दोरीचं वजन. व्याही मांडी घालून समोर बसले. "म्हणजे दोरीनं काठी वाकली पाहिजे?" "हाव. तेच तर!" दोन म्हातारे पोहोऱ्याची दोरी घेऊन मांडवाच्या बांबूवर प्रयोग करू लागले. भटजी घटकापात्राकडे बोट दाखवत होते, वाजंत्रीवाले दोनदा वाजवून थांबले, मी पाटावर घामाघूम. मुहूर्त बुडायला आलेला.

अंतरपाटाच्या पलीकडून एक बारीक, स्पष्ट, चिडका आवाज आला. "बाबा, ते मले घालू द्या न आता. मंग करत बसा."

मी पहिल्यांदा तिचा आवाज ऐकला तो असा. माझ्याइतकंच चिडलेलं दुसरं माणूस जगात आहे हे कळून मला फार बरं वाटलं.

आता रेल्वे आली आहे. बऱ्हाणपूरचं रेशीम दोन दिवसांत दारात येतं, हवं तेवढं, हवं त्या रंगाचं. बाबा जाऊन बारा वर्षं झाली. मी त्यांच्याशी पुढे बोललो, चांगला बोललो, पण त्या आठ दिवसांबद्दल ना ते बोलले, ना मी. तुमचं चुकलं, असं मला म्हणायचं होतं. दोरी फार सुंदर झाली होती, हेही म्हणायचं होतं. दोन्ही राहून गेलं.

पोतीचं रेशीम घामाने कुजतं. दोन-तीन वर्षांनी बाई ती घेऊन पटवेकऱ्याकडे येते, आणि पटवेकऱ्याची बायको आपल्या नवऱ्याकडे. सासऱ्याची गाठ सुटते, नवऱ्याची पडते, असा आमच्यातला क्रम आहे. तेल प्यायलेलं ते रेशीम कुजलंच नाही. मी दर दिवाळीला नवं रेशीम काढून काशीपुढे ठेवतो, आणि दर दिवाळीला ती गळ्यातली पोत मुठीत घट्ट धरून मला विचारते, "तुटली काय?"

"नाही."

"मंग काहून सोडता?"

गावातल्या निम्म्या बायकांच्या गळ्यात माझी गाठ आहे. माझ्या बायकोच्या गळ्यात नाही. याचा मला राग येतो, तीस वर्षं येतो आहे, आणि ज्याच्यावर तो काढायचा तो माणूस आता घरात नाही.